मधली नळी

पेरणीचे दिवस आले की माझी उजवी मूठ आपोआप वळते. दुपारची जरा आडवी झालेली असते, डोळा लागत नाही, आणि बघते तर चार बोटं आत, अंगठा वर. माझी नात मंजू हसते. "आजी, कुणाला गुद्दा घालायलीस?" मी म्हणते, "तुझ्या बापाला." खरं तर गुद्दा मला स्वतःलाच घालायचा असतो, पण ते पोरीला काय सांगायचं?

हस्ताचा पाऊस उघडला की परभणीच्या या सिमेंटच्या घरातसुद्धा मला काळ्या रानाचा वास येतो. वरून सुकत चाललेलं आणि आत ओल धरून बसलेलं रान. टाळकी ज्वारी पेरायची ती याच ओलीवर. चार दिवस उशीर झाला की ओल खाली उतरते आणि बी वरच कोरडं पडून राहतं. म्हणून त्या आठ दिवसांत आमच्याकडं कुणी आजारी पडत नसे, कुणी रुसत नसे. सगळी दुखणी पुढं ढकललेली असत. लोक या दिवसांबद्दल फार गोड लिहितात. लिहोत बापडे. मला हा महिना आवडत नाही. याच महिन्यात माझ्या थोरल्या जावेच्या कपाळाचं कुंकू पुसलं गेलं. पुसलं दुसऱ्यांनी, पण कारण माझा हात.

परवा गावाकडं गेले होते. रानात ट्रॅक्टर चालला होता. मागं पेरणीचं यंत्र, त्यावर पत्र्याची लांबलचक पेटी. ड्रायव्हरनं पेटीत पोतं रिकामं केलं, झाकण लावलं आणि गाणं लावून निघाला. वळून बघायचं नाव नाही. मी बांधावरून ओरडले, "अरे, नळी तुंबली तर कळायचं कसं?" तो हसला. "तुंबली तर तुंबली, आजी! चार दाणे कमी पडतील, दुसरं काय?"

चार दाणे कमी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला कुठं माहीत की चार दाण्यांपायी एक बाई जिवंतपणी आयुष्यातून उठली होती?

आमच्या वेळी तिफण होती. तिफणीवर चाडं. चाडं म्हणजे लाकडाची खोलगट वाटी. तिच्या तळाला तीन भोकं, भोकांखाली बांबूच्या तीन पोकळ नळ्या, आणि नळ्यांची तोंडं खाली तीन फणांत. पुरुषानं बैल हाकायचे आणि बाईनं ओटीत बी घेऊन तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ धरायची. मूठ धरायची म्हणजे वरून बी ओतायचं नाही. बोटांच्या फटीतून दाणे असे सोडत राहायचे की तिन्ही भोकांत सारखे पडले पाहिजेत. मूठ ढिली झाली की दाट पडतं, आवळली की विरळ. ढेकळात पाय अडखळला तरी हात अडखळता कामा नये. रानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिफण गेली की एक तास झालं. वाटतं सोपं. करून बघा म्हणावं.

माझ्या थोरल्या जावेची, कौसाबाईची, मूठ पंचक्रोशीत नावाजलेली. मी त्यांना अक्का म्हणायची. उंच, हाडापेरानं मोठी बाई, बोलायला फटकळ. त्यांच्या मुठीतून दाणे निघाले की धार लागल्यासारखे निघायचे. दाणे सुटे आहेत हे डोळ्याला कळायचंच नाही. मी नवी नवरी, पहिल्याच सुगीत खळ्यावर रास बघून खुळी झाले होते. राशीत पाय घातला की ती पायाला जागा करून द्यायची आणि काढला की खड्डा आपसूक भरायचा. वरून टोपलं ओतलं की दाणे चारी बाजूंनी घरंगळत खाली यायचे. मी म्हटलं, "अक्का, पाणीच हाय बघा हे!"

"पाणी न्हाई गं बाई," अक्का म्हणाल्या. "पाण्याची अशी रास होती का? पाणी पसरतं. हे थोडं पसरतं आन मग आपल्या उतारावर अडून बसतं. कितीबी ओत, उतार तेवढाच. आन भोक पडलेली घागर बघितलीस न्हवं? भरली असली की धार जोरात, सरत आली की मरते. दाण्याचं तसं न्हाई. भरल्या पोत्याला भोक पाड न्हाईतर अर्ध्या पोत्याला, धार एकाच चालीची." मग जरा थांबून म्हणाल्या, "पाण्याहून गुणाचं हाय, पण पाण्याहून हट्टीबी हाय. पाणी कधी मधीच थांबत न्हाई. हे थांबतं."

अक्कांना शाळा कसली माहीत नव्हती. हे सगळं त्यांच्या हाताला माहीत होतं.

शेतकीचं शिक्षण घेणारी मंजू आता मला तेच शिकवते. गेल्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातलं रॉकेलचं जुनं नरसाळं घेतलं, धुऊन पुसून त्यात ज्वारी ओतली. ज्वारी सळसळत खाली आली आणि मधेच थांबली. वर नरसाळं भरलेलं, खाली तोंड उघडं, आणि दाणा पडेना. "बघ आजी, मधे काहीसुद्धा अडकलेलं नाही. दाण्यांनीच एकमेकांना रेटून तोंडाशी कमान केली. सगळे एकमेकांच्या आधारानं थांबलेत." मग तिनं नरसाळ्याला एक टिचकी मारली आणि ज्वारी परत भळाभळा वाहायला लागली. "बस, एवढंच! एक टिचकी." पोरगी खुशीत हसत होती. मी उठून देवघराकडं गेले. तिला वाटलं, आजीला काही समजलं नाही.

अक्कांचे यजमान मी कधी पाहिलेच नाहीत. रझाकारांच्या धामधुमीत गावातले तरणे पुरुष निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले, तसे तेही पूर्णेच्या स्टेशनावरून गाडीत बसून गेले. धाकटे, म्हणजे आमचे हे, आई आणि बैल सांभाळायला मागं राहिले. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, झेंडे लागले. गेलेले परत आले. कुणी दाढी वाढवून आला, कुणी नव्या टोपीत. थोरले आले नाहीत. मेल्याचा सांगावा नाही, जिवंत असल्याची चिठ्ठी नाही. कुणी म्हणे मनमाडला दिसले, कुणी म्हणे साधू झाले. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा अक्का रोज सकाळी कपाळभर कुंकू लावत होत्या आणि दुपारच्या भाकरींत एक जास्तीची थापत होत्या. ती भाकरी संध्याकाळी बैलांना जायची.

सासूला आमच्यात आत्याबाई म्हणत. आत्याबाई स्वतः पांढऱ्या कपाळाच्या. त्यांना ते कुंकू आणि ती भाकरी, दोन्ही बघवत नसे. पोराची आस त्यांनाही होती, नाही असं नाही. पण रोज उठून आशा धरणं त्यांना सोसेना. त्यांना एकदाचा निकाल हवा होता, मग तो कसाही असो. "आलाय म्हणा न्हाईतर गेलाय म्हणा," त्या चुलीपुढं बसून पुटपुटायच्या, "हे मधलं मला सोसंना झालंय."

ॲक्शनला तीन वर्षं झाली होती. पेरणीचा दुसरा दिवस. ऊन चांगलं तापलं होतं. बांधावरच्या बाभळीपाशी तिफण वळवून घेत होतो, तेवढ्यात गाडीवाटेवरून कुणीतरी हाक मारली. पूर्णेहून आलेला गावचाच माणूस. म्हणाला, स्टेशनावर एक जण बसलाय, थोरल्यासारखाच दिसायलाय. अक्कांच्या अंगातलं रक्त एकदम चेहऱ्यावर आलं. त्यांनी ओटीतलं बी माझ्या ओटीत टाकलं आणि म्हणाल्या, "एवढं एक तास धर. मी नीट इचारून येते." आणि त्या वाटेकडं पळाल्या. चाळिशीला आलेली बाई, पदर सावरायचंसुद्धा भान नाही.

मी तेव्हाच पाणी प्याले होते. घागर कलती करून ओंजळीनं. हात पुसला की नाही, आठवत नाही. खोटं कशाला बोलू? पुसला नव्हता. ओल्या हातानं बियाला शिवायचं नाही, दाणे एकमेकांना धरतात, हे अक्कांनी मला दहादा सांगितलं होतं. पण घाई झाली होती, बैल हलले होते, आणि माझ्या मनात एकच भरलं होतं, की अक्कांची मूठ आज माझ्या हातात आलीय. मी ओल्या हातानं मूठ भरली. शिवाय चाड्याकडं बघायचं सोडून ते सबंध तास मी अक्कांकडं बघत होते. त्या लांब वाटेवर उभ्या, तो माणूस हात हलवत काही सांगतोय, त्या मान हलवतायत. माझं लक्ष तिकडं आणि हात इकडं.

तास संपेपर्यंत अक्का परत आल्या. तोंडावरून कळलंच, दुसराच कुणीतरी असणार. त्यांनी माझ्याकडून बी घेतलं, चाड्यात वाकून बघितलं, आणि हाताला लागलेली एक काडी घेऊन चाड्यात काहीतरी केलं. मी तिकडं ध्यान दिलं नाही. मला वाटलं, कचरा काढला असेल. आमच्या यांनी बैलांना हाक दिली आणि पेरणी पुढं चालली.

आठव्या दिवशी रान वर आलं. काळ्यावर हिरव्या रेघा, सरळ, आखल्यासारख्या. आम्ही सगळे बघायला गेलो. आणि बाभळीपासून विहिरीपर्यंत एक रेघ नव्हतीच. दोन्ही बाजूंना पोपटी कोंब आणि मधे नुसतं काळं. दाणासुद्धा उगवला नव्हता.

आमच्या गावात तेव्हा असं मानत की पेरलेल्या रानात ओळ मोकळी गेली म्हणजे घरातलं माणूस गेलं. पुढं जाईल असं नव्हे. गेलं. रानाला आधी कळतं, घराला मागून. त्यामुळं पेरून झाल्यावर पहिले आठ दिवस लोक रानाकडं भीत भीत बघायचे. तरी ओळ मोकळी गेलीच, तर घरधनी सकाळीच जाऊन गुपचूप हातानं बी टोकून घ्यायचा आणि कुणाला काही बोलायचा नाही. आमच्या यांनी तेवढं केलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण आत्याबाई त्यांच्याआधी बांधावर पोचल्या होत्या.

त्या मटकन खाली बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "गेला. माझा रंगनाथ गेला." मग अक्कांकडं बघून म्हणाल्या, "मूठ तुझीच हुती न्हवं चाड्यावर? तुझ्याच हातानं सांगितलंय रानानं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी तिथंच उभी होते. ते तास कुणाचं, हे मला बाभळीवरून तिथल्या तिथं कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. "आत्याबाई, त्या तासाला मूठ माझी हुती, हात ओला हुता, नळी तुंबली." एवढंच. आत्याबाईंनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, फार तर माहेरी पाठवीन म्हणाल्या असत्या. जीभ टाळ्याला चिकटली ती सुटली नाही. मी यांच्याकडं बघितलं. यांनाही माहीत होतं, तिफण त्यांच्याच हातात होती. ते बैलाच्या पाठीवरची गोमाशी हाकत राहिले. त्यांचं गप्प बसणं आईच्या धाकापोटी होतं, की शेताला वाटेकरी उरणार नाही म्हणून होतं, हे मी त्यांना जन्मभर विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनीही मला विचारलं असतं.

आणि अक्का? त्या त्या काळ्या ओळीकडं बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बायका जमल्या. बांगड्या फोडायचा आवाज फार मोठा होत नाही. मला वाटलं होतं मोठा होत असेल. अक्कांनी हात पुढं केले ते आपणहून. कुंकू आत्याबाईंनी पुसलं, पदराच्या ओल्या टोकानं. त्या दिवशी भाकरी थापताना अक्कांनी मोजून थापल्या. जास्तीची एक नव्हती. संध्याकाळी बैल दावणीला येऊन थोडा वेळ वाट बघत उभे राहिले.

सुवासिनीशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, ही आमची रीत. म्हणजे पुढच्या वर्षीपासून ती मूठ माझी. काय माझा मान! पहिल्या तासाआधी तिफणीची पूजा माझ्या हातून, हळदीकुंकू माझ्या हातून. अक्का तेव्हा रानात यायच्याच नाहीत. आल्या तर लांब बांधावर गवत कापत बसायच्या, बियाच्या पोत्याला पाठ करून. ज्या बाईला पोत्याच्या सळसळीवरून बी कोरडं की ओलं हे कळायचं, तिनं बियावर सावलीसुद्धा पाडायची नाही. आणि मी, जिनं ओल्या हातानं एक घर तुंबवलं, ती पुढं नऊ वर्षं चाड्यावर. एकदासुद्धा नळी तुंबू दिली नाही. प्रत्येक मुठीआधी हात लुगड्याला इतका पुसायची, की लुगड्याचा तेवढा भाग विरून जायचा. गावात बायका म्हणू लागल्या, धाकटीची मूठ लय गुणाची. ते ऐकलं की अन्न गोड लागत नसे.

मला कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, माणूस तसाही आला नाहीच ना? नाही आला. अजून नाही आला. पण अक्कांची आस त्यांच्या मालकीची होती. ती धरायची की सोडायची, हे त्यांनी ठरवायचं होतं. आत्याबाईंनी ती रानाच्या नावानं काढून घेतली, आणि रान खोटं बोललंय हे सांगू शकणारी मी, पण मीही दाण्यासारखी दुसऱ्यांना रेटून बसले. आत्याबाई माझ्या आधारानं, मी यांच्या आधारानं, हे आईच्या आधारानं. खाली तोंड सताड उघडं, पण एक शब्द पडला नाही.

अक्का गेल्या त्या वर्षी हस्त लांबला होता. पेरणी तोंडावर आली आणि अक्कांनी अंथरूण धरलं. आत्याबाई आधीच्याच उन्हाळ्यात वारल्या होत्या. आता तरी बोलावं, असं मनानं घेतलं. आता भ्यायला कुणी उरलं नव्हतं. माझी हिंमत वाढली ती अशी, भीती मेल्यावर. सकाळची वेळ होती. ओटीत बी घेतलेलं, रानात जायच्या तयारीत मी त्यांच्या बाजेजवळ बसले. हात कोरडा होता, तरी पुसला. म्हटलं, "अक्का, त्या साली ओळ मोकळी गेली न्हवं का, ते तास माझं हुतं. हात ओला हुता माझा. मधली नळी तुंबली हुती."

अक्का आढ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मला ठाव हाय."

"ठाव हाय?"

"चाड्यात बघितलं की मी. मधल्या भोकावर दाणे एकमेकाला धरून बसले हुते. मीच काडीनं मोकळं केलं. वाटलं, आत्ताच तुंबलं आसंल. उगवल्यावर कळलं, पहिल्यापासून तुंबलं हुतं."

"मग तुमी बोलल्या का न्हाई, अक्का? तुमचा सोन्यासारखा शब्द हुता. तुमी का न्हाई सांगितलं?"

"माझं कोण ऐकलं आसतं? कुंकू जायलंय म्हणून खोटं बोलायली, आसंच म्हणले आसते." त्यांनी हात बाजेवरून खाली सोडला आणि माझ्या ओटीतले थोडे दाणे घेतले. मूठ वळली, ढिली केली, आणि दाणे परत ओटीत पडले. तीच धार. नऊ वर्षांनीसुद्धा हात चुकला नव्हता. "तू बोलशील, आसं वाटलं हुतं. उद्या बोलंल, परवा बोलंल. त्यांची वाट बघितली, तशी तुझीबी बघितली."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय आखडून घेतले. "आता नको," त्या म्हणाल्या. "आता बोललीस ते कुणाच्या कामाचं?"

बाहेरून यांची हाक आली, "आगं चल, बैल खोळंबलेत!"

ओटी सावरली. उठले. आणि पेरायला गेले.